पलीकडच्या काठाची ज्वारी

कुराल,
६ फेब्रुवारी २०२५

ती. जयसिंगमामांना,
वैष्णवीचा सा. न. वि. वि.

हाताने लिहिलेलं पत्र पाहून दचकू नका. मी धडधाकट आहे. तीन आठवड्यांपूर्वी राजधानीतल्या ऑफिसातून माझी इथे, कुरालला बदली झाली. इथे फोन लागतो तो रविवारी दहा मिनिटं, आणि ती दहा मिनिटं मामींच्या काय जेवलीस, किती जेवलीस यातच संपतात. तुम्हाला तर डाव्या कानाने फोनवरचं ऐकू येत नाही आणि उजव्या कानाने ऐकायचं नसतं. म्हणून मंगळवारच्या विमानाबरोबर हे कागद राजधानीत जातील, तिथून ई-मेलने तुमच्या लेकाकडे, सार्थककडे येतील आणि तो तुम्हाला छापून देईल. देशाचं नाव पत्रात लिहायचं नाही असा नियम आहे. वारज्याच्या भिंतीवरच्या नकाशात तुम्ही खूण केली आहेच, ती जरा उजवीकडे सरकवा.

कुराल नदीच्या अलीकडच्या काठावर आहे. रस्ता आहे, दवाखाना आहे, दोन शाळा आहेत. पलीकडच्या काठावर नऊ वस्त्या आहेत आणि तिथे दोन वर्षं मारामाऱ्या चालल्या आहेत. आमच्या भागात शंभर माणसं धरली तर साठ अलीकडे आणि चाळीस पलीकडे, असा अंदाज आहे. सगळे मदतीच्या ज्वारीवर जगतात. हो, ज्वारीच. पण भाकरी करत नाहीत, लापशीसारखं काहीतरी घाटतात. मामींना सांगा, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या भाकरीला कुणी हसलं नाही.

आता काळजीचं लिहिते. पैसे देणाऱ्या देशांनी या वर्षी हात आखडता घेतला आहे. पावसाळ्याआधी दोन हजार टन ज्वारी यायची होती, ती हजारच येणार. कोणाला किती द्यायची याचा आराखडा मला पंधरा मार्चपर्यंत सही करून पाठवायचा आहे. देणाऱ्यांचा एक गुणतक्ता आहे. पोचता येतं का, माणसांची मोजणी झाली आहे का, आधी दिलेल्या मदतीचा परिणाम दिसला का, यावर गुण मिळतात. त्या हिशेबाने शंभरातली ब्याण्णव पोती अलीकडे आणि आठ पलीकडे जातात.

आकडा कानाला बरा वाटत नाही हे मलाही कळतं. पण अलीकडे दिलेलं पोतं नक्की पोटात जातं. पलीकडे गेलेलं कोणाच्या हाती पडेल, कुणी सांगावं? गेल्या वर्षी आमच्या एका ट्रकचा ड्रायव्हर तिकडच्या वाटेवर मारला गेला. तेव्हा आठ तर आठ, असं मन घट्ट करून सही करणार आहे. तुम्ही वाचाल आणि चष्मा काढून पुसाल, हे इथून दिसतंय.

मामींच्या गुडघ्यांना आणि तुमच्या रागाला सांभाळा.
तुमचीच,
वैष्णवी

---

वारजे, पुणे
१६ फेब्रुवारी २०२५

चि. वैष्णवीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. सार्थकने ते छापलं, स्वतः आधी वाचलं, आणि मग मला दिलं. टपालखातं घरातच आल्याचा हा फायदा. चष्मा पुसला नाही. पुसण्यासारखं काचेवर काही नव्हतं.

इकडचं क्षेम. सार्थकचं लग्न अकरा मेला ठरलं. तुझी रजा तेव्हाचीच ठेव, करवली तूच आहेस असं मुलीकडच्यांना तुझ्या मामीने आताच सांगून ठेवलं आहे. आपल्या सोसायटीने मला पाणीवाटपाचा सल्लागार नेमलं. मी सल्ला दिला, आणि पुढच्याच सभेत सल्लागाराची गरज नसल्याचा ठराव झाला. वरच्या मजल्यांना आधी पाणी सोडा एवढंच म्हणालो होतो.

तुझ्या आराखड्याबद्दल मी सल्ला देणार नाही. तू शिकलेली, मी कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. पण शाळेत असल्यापासून तू या घरात वाढलीस, सुट्टीत माझ्या मोटरसायकलवर मागे बसून लोणी काळभोरच्या पुढे कालव्यावर हिंडलीस, तेव्हा एक गोष्ट तुला पाठ असायला हवी. कालव्याच्या शेवटच्या टोकाला आम्ही टेल म्हणतो. पाणी सुटलं की वरच्या सगळ्या चाऱ्यांची, म्हणजे कालव्याच्या फाट्यांची, दारं बंद करून कुलपं लावायची आणि पाणी आधी टेलला न्यायचं. टेलचं रान भिजलं की मागे मागे येत एकेक दार उघडायचं. वरच्या गावांच्या तर दारातूनच कालवा वाहतो. त्यांना कोरडं ठेवायचं म्हटलं तरी जमत नाही. टेलला मात्र ठरवून न्यावं लागतं, नाहीतर तिथे पाणी कधीच पोचत नाही. आणि मग साहेब लोक लिहितात की टेलला पाण्याची मागणीच नाही.

तुझा गुणतक्ता मला असाच वाटला. जो आधीच पास आहे त्यालाच मार्क, आणि जो आजारी पडून परीक्षेला बसला नाही तो नापास. तीन प्रश्न विचारतो, उत्तरं मला नकोत, तुझी तू दे. तो तक्ता केला कोणी? पलीकडच्या माणसांची मोजणी झाली नाही, की कुणी करायला गेलंच नाही? आणि आठ पोत्यांची सही करण्यापूर्वी तू नदी ओलांडली आहेस का?

जपून राहा. ड्रायव्हरचं वाचून तुझी मामी दोन दिवस माझ्यावरच चिडून होती, जणू बदली मीच केली.
माया आहेच, ती कागदावर मावत नाही.
तुझा,
जयसिंगमामा

---

कुराल,
२ मार्च २०२५

ती. मामांना,
वैष्णवीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा हे पत्र जरा तिखट लागेल. तुमचा कालवा उतारावरून आपोआप वाहतो. माझी ज्वारी माणसांनी डोक्यावरून न्यायची आणि वाटेत बंदुका. वारज्याच्या गॅलरीत बसून टेल आधी म्हणणं सोपं आहे.

पण राग आला म्हणून प्रश्न टळले नाहीत. नदी ओलांडली. मेरी नावाची एक शिक्षिका पलीकडून आली होती, तिच्याबरोबर गेले. सपाट तळाच्या होडीतून लव्हाळ्यांमधून चार तास लागतात. बंदुका ट्रकच्या वाटेवर आहेत, होडीच्या वाटेवर सहसा नसतात, हेही तिनेच सांगितलं. तिची शाळा बंद पडली आहे. शिकवायला मुलं नाहीत म्हणून ती नऊ वस्त्यांतून घरोघर फिरली आणि तिने माणसं मोजली. वही नव्हती तेव्हा दोरीला गाठी मारल्या, एका घराची एक गाठ. एकतीसशे घरं भरली. पुढे ते तिने कागदावर उतरवलं, घरटी माणसं, मुलं, म्हातारी, सगळं.

मामा, तो कागद आमच्या राजधानीच्या ऑफिसात दोनदा आला होता. मान्यताप्राप्त अधिकाऱ्याने केलेली मोजणी नाही म्हणून बाजूला ठेवला गेला. आणि तक्ता कोणी केला विचारता ना? मी केला. दोन वर्षांपूर्वी, थंड खोलीत बसून. मोजणी नसेल तिथे जागा रिकामी ठेवायला हवी होती, मी तिथे शून्य भरलं, कारण रिकाम्या जागेची बेरीज होत नव्हती. तेव्हा माझं कौतुक झालं होतं. मीही मामींना फोन करून सांगितलं होतं. पलीकडे उतरल्यावर एका म्हाताऱ्याने मेरीला विचारलं की ही बाई कोण. मेरी म्हणाली, जिथून ज्वारी येते तिथली. त्याने मला आसन दिलं. मला बसवेना.

एवढं पाहूनही सोपं काहीच झालेलं नाही. अलीकडे एक बाई आहे, तिच्या मुलाचं वजन मी आल्यापासून दर आठवड्याला करते. दीड किलो वाढलंय. पलीकडे द्यायचं म्हणजे त्याच्या वाटीतलं काढायचं. अलीकडचे वडीलधारे मला भेटून गेले. पलीकडच्यांनीच आमची घरं जाळली आणि त्यांना आमच्याआधी खायला घालणार का, असं त्यांनी विचारलं. ते खोटं बोलत नव्हते, अर्धी घरं खरंच जळकी आहेत. तुमच्या कालव्यावर वरच्या गावात उपाशी मूल होतं का? असतं तर तुम्ही कुलूप लावलं असतं का?

याचं उत्तर मात्र मला हवंय. आणि लवकर, कारण मेमध्ये पाऊस लागला की नदीवर चार महिने होडी चालत नाही. अलीकडचा रस्ता उंच आहे, तो चालू राहतो.

तिखट लिहिलं, ते पोटात घाला.
वैष्णवी

---

वारजे, पुणे
९ मार्च २०२५

चि. वैष्णवीस,
मामीचे खूप खूप आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, म्हणून हे वाचून घाबरू नकोस. सार्थकला सांगून गुपचूप पाठवते आहे. ह्यांना कळवू नकोस.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.  दोन दिवस टोमणासुद्धा मारला नाही, तेव्हा मला काळजी वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा न घेता बसने निघून गेले. रात्रीच्या जेवणाला परत आले ते धुळीने माखून. कोंडीरामकडे गेलो होतो म्हणाले. मी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून ऐकत राहिले, कारण बावीस वर्षांत ह्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं.

तुला कोंडीराम आठवणार नाही. त्याची वस्ती टेलची, अगदी शेवटची. दोघांची मोठी दोस्ती होती. मग २००३ साली दुष्काळ पडला. धरणात पाणी थोडं, आणि वरच्या गावच्या पुढाऱ्यांनी ह्यांना घरी येऊन दम दिला. तिथल्या विहिरीही आटल्या होत्या, बायका रडत आल्या होत्या, तेही खोटं नव्हतं. ह्यांनी वरची दारं आधी उघडली. पाणी तिथेच संपलं. टेलच्या लोकांना पाण्याच्या पाळीचा दिवस ठरवून दिला होता. ते चार दिवस बांधावर वाट बघत बसले. कालवा कोरडाच. हे त्या चार दिवसांत तिकडे फिरकलेच नाहीत. तोंड दाखवायची लाज वाटली. त्या वर्षी टेलची तीस घरं गाव सोडून गेली, काही परत आलीच नाहीत. टेल आधी हा नियम हे आयुष्यभर सांगत आले ना, तो एकदा मोडला म्हणून सांगतात. तुझ्या प्रश्नाने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

आता कोंडीराम काय म्हणाला ते ऐक, ह्यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं. पाणी आलं न्हाई त्याचा राग कवाच गेला, म्हणाला. वर बी माणसंच व्हती. पर तू यिऊन सांगायचं व्हतंस. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर आमी गुरं घिऊन चार दिस आधी चारा-छावणीला गेलो असतो, वाटंत सात जनावरं मेली ती वाचली असती. आमाला पाणी न्हाई हे आमी कोरड्या कालव्याकडनं ऐकलं.

हे सगळं तुला तुझे मामा लिहिणार नाहीत, जमणारच नाही त्यांना. म्हणून मी लिहिलं. काय ठरवायचं ते तू ठरव, मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की ज्याला वाढणार नाहीस त्याच्यासमोर जाऊन उभी राहा.

करवलीची साडी घेतली आहे, अंजिरी रंगाची. फोनवर विचारू नकोस, दिसल्यावरच पाहा.
तुझी वाट बघणारी,
प्रेमलामामी

---

कुराल,
३० मार्च २०२५

ती. मामांना आणि मामींना,
वैष्णवीचा सा. न. वि. वि.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. कोणाकडून ते विचारू नका.

चौदा तारखेला आराखडा पाठवला. तक्त्यातलं शून्य खोडून तिथे मेरीची मोजणी लिहिली, तिच्या नावासकट. होडीतून जेवढं जाईल तेवढं आधी पलीकडे न्यायचं, नदी बंद होईपर्यंत. शंभरातली पंचेचाळीस पोती. उरलेली पंचावन्न अलीकडे, पण ती बरीचशी मेमध्ये, कारण तोवर गोदामातले हात आणि होड्या तिकडेच लागणार. एप्रिलअखेरपर्यंत अलीकडे फक्त पाच वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायांना मिळेल. मोठ्यांना काही नाही.

राजधानीतून साहेबांचा निरोप आला की गुणतक्ता डावलता येणार नाही. मी कळवलं की तो तक्ता माझाच आहे, त्यातली चूकही माझीच आहे, आणि चुकीच्या तक्त्यावर मी सही करणार नाही. दुसऱ्या कोणाची घ्या.  चौथ्या दिवशी उत्तर आलं की या एका खेपेपुरतं मंजूर, जबाबदारी तुमची, परिणाम पाहून तुमच्या नोकरीचं ठरवू. देणाऱ्या देशांना काय सांगायचं ते साहेबच बघणार आहेत. तेवढा भलेपणा त्यांनी दाखवला.

मग शुक्रवारी बाजाराच्या मैदानावर अलीकडच्या लोकांना बोलावलं. आमचा सुरक्षेचा माणूस म्हणाला की नोटीस लावा, स्वतः जाऊ नका. मी गेले. दुभाषा घेऊन एका खोक्यावर उभी राहिले आणि सांगितलं. मोठ्यांना मे उजाडेपर्यंत काही मिळणार नाही. हे कोणी वरून ठरवलेलं नाही, मी ठरवलंय. का ठरवलं तेही सांगितलं. ज्यांच्याकडे नातेवाईक आहेत, गुरं आहेत, मासे धरायची जाळी आहेत, त्यांनी आजच हातपाय हलवावेत, मेची वाट बघत बसू नये.

आरडाओरडा झाला. एकाने ढेकूळ मारलं, खांद्याला लागलं. मामी, फक्त निळं पडलंय, हाड शाबूत आहे. वडीलधारे उठून गेले. बरेच लोक मात्र थांबले आणि माशांच्या जाळ्यांबद्दल आपसात बोलू लागले. दुसऱ्या दिवशी चाळीस-पन्नास जण दक्षिणेच्या तळ्यांकडे निघालेले मी पाहिले.

सगळे पांगल्यावर ती बाई आली, जिच्या मुलाचं वजन मी करते. तिने मुलाला कडेवरून खाली उतरवून माझ्यासमोर उभं केलं. ओरडली नाही. दुभाष्याला म्हणाली, हिला विचार, याला मिळेल पण मला मिळणार नाही, म्हणजे याच्यातलं अर्धं मी खाणारच. मे महिन्यात हा बारीक झालेला दिसला, तर ही तेव्हाही इथे उभी असेल का, की विमानाने गेलेली असेल?

  मामी, मी हो म्हणाले, इथेच असेन. ती तसल्या होकारांना सरावलेली दिसली, मान हलवून निघून गेली.

मेमध्ये अलीकडचं वाटप सुरू होईल. ज्वारी कमी पडली तर शिव्या मीच खायला हव्यात, आणि नसेल आली तर आधी मीच सांगायला हवं. म्हणून रजा रद्द करावी लागेल असं दिसतंय. सार्थकच्या लग्नाला मी नसेन, हे लिहिताना रडू आलं, लपवत नाही. तो माझा एकुलता एक भाऊ आहे. अजून अर्ज दिलेला नाही. तुम्ही दोघं काय म्हणता त्याची वाट पाहते. पहिल्या सहा होड्या काल पलीकडे पोचल्या.

रागावलात तरी पत्र पाठवाच.
तुमची,
वैष्णवी

---

वारजे, पुणे
७ एप्रिल २०२५

चि. वैष्णवीस,
मामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या मामीने तुला काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. सार्थकला गुपित ठेवता येत नाही आणि ई-मेल पाठवताना मोठ्याने वाचायची त्याला सवय आहे. तरीही मी सांगायचं राहिलं होतं, म्हणून सांगतो. २००३ साली वरची दारं मी उघडली. वर तहान होती, हे खरं. पण टेलला जाऊन तसं सांगायची माझी हिंमत झाली नाही, हे त्याहून खरं. मी चार दिवस घरी तापाचं निमित्त करून पडून होतो. ताप नव्हता.

तू विचारलं होतंस की वरच्या गावात उपाशी मूल असतं तर कुलूप लावलं असतं का. मला माहीत नाही. बावीस वर्षं विचार करून माहीत नाही. तू पंचेचाळीस पोती पाठवलीस ते बरोबर की चूक, हेही मी सांगू शकत नाही. खोक्यावर उभी राहिलीस ते बरोबर केलंस.

सार्थकला सगळं वाचून दाखवलं. तो आधी रुसला, मग म्हणाला की ताई आली तर त्या बाईला काय सांगायचं. तुझी मामी सकाळपासून स्वयंपाकघरातून बाहेर आलेली नाही. तिला मी समजावीन.

अकरा मेला अक्षता पडतील. तुझ्या वाटणीच्या मी टाकीन. तू येऊ नकोस.

तुझा,
जयसिंगमामा